जॅकपॉट टेबलवर बसावं का? जादा कापल्या जाणाऱ्या पैशाचा पूर्ण हिशोब

ऑनलाइन पोकरमध्ये साधं टेबल आणि जॅकपॉट टेबल शेजारी शेजारी दिसतात, जॅकपॉटवाल्याच्या डोक्यावर डावांमधून जादा कापलेल्या पैशाच्या बक्षीस-फंडाचा एक मोठा आकडा सारखा वाढत असतो, आणि मग प्रश्न पडतो की बसायचं कुठे. माझं मत आधीच सांगतो. छोट्या स्टेकला (म्हणजे कमी रकमेच्या खेळाला) जॅकपॉट टेबल जवळजवळ कधीच परवडत नाही, मोठ्या स्टेकला कधीकधी परवडतं, आणि परवडतं की नाही हे तो आकडा नुसता बघून कळत नाही, कागद-पेन घेऊन दहा मिनिटं बसलं की कळतं. ती दहा मिनिटं कशी वापरायची तेच सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं, कारण मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा पास केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे पैसे फिरवणं या सगळ्यावर बंदी आहे, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा फरकच त्यात ठेवलेला नाही. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण मोठ्या भारतीय साइट्सनी पैशांची टेबलं बंद केली आहेत. त्यामुळे आता मुंबईत कोणी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर लिंक पाठवून 'आपल्या क्लबमध्ये ये, जॅकपॉट ४० लाखांवर गेलाय, एजंटला यूपीआय कर' असं सांगत असेल तर तिथे खालचा कुठलाच हिशोब लावत बसू नका, कारण त्या ४० लाखांचा फंड खरंच आहे की स्क्रीनवर टाकलेला आकडा आहे हे तपासणारं कोणीही नाही, आणि पैसे अडकले तर दाद मागायला जागाही नाही.

मग हा लेख कोणासाठी? ज्यांची भावंडं, मित्र अशा देशात आहेत जिथे ऑनलाइन पोकर लायसन घेऊन चालतं, त्यांच्यासाठी. गोव्याला मांडवीतल्या कसिनो बोटींवर किंवा परदेशी फिरायला गेल्यावर पोकर रूममध्ये बसणाऱ्यांसाठी पण, कारण जॅकपॉट ड्रॉप (त्या फंडासाठी कापला जाणारा पैसा) जिथे असेल तिथे गणित हेच. (मुंबईत कसिनो नाहीच. महाराष्ट्राचा १९७६ चा कसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच केला.)

माझा मावसभाऊ लंडनला असतो, तिथे ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे. त्याने मला मेसेज केला, "दादा, आकडा बघ ना, ८० हजार डॉलर झालेत, एकदा लागलं की घराच्या डाउन पेमेंटची सोय होईल." त्याला जे समजावलं तेच पायरी पायरीने इथे मांडतो.

पायरी १: जॅकपॉट कशावर लागतो ते नीट वाचा

बहुतेक ठिकाणी हा 'बॅड बीट' जॅकपॉट असतो. म्हणजे तुमच्याकडे जबरदस्त हँड (पाच पानांची जुळणी) असून तुम्ही हरलात तर बक्षीस. नेहमीची अट अशी, की हरणाऱ्याकडे कमीत कमी अठ्ठीचे क्वाड्स हवेत, म्हणजे चारी अठ्ठ्या, आणि हरणारा आणि जिंकणारा दोघांचीही हातातली दोन्ही पानं त्या हँडमध्ये वापरलेली हवीत.

एक डाव बघू. तुमच्याकडे चौकट नव्वी आणि इस्पिक नव्वी. फ्लॉपवर (टेबलवर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं) आली बदाम नव्वी, बदाम गुलाम, किलवर नव्वी. तुमचे क्वाड्स झाले. समोरच्याकडे बदाम राजा आणि बदाम दश्शी. टर्नला (चौथं पान) बदाम राणी पडली, त्याचा नव्वीपासून राजापर्यंत बदामचा स्ट्रेट फ्लश झाला (एकाच प्रकारची सलग पाच पानं, क्वाड्सपेक्षा वरचढ). रिव्हरला (पाचवं पान) काहीतरी फालतू दुर्री. दोघांनी पैसे टाकले, शोडाऊन झाला (शेवटी पानं उघडली), तुम्ही हरलात. दोघांची दोन्ही पानं वापरली गेली आहेत, जॅकपॉट लागला.

आता यात एकच गोष्ट बदला. तुमच्याकडे नव्व्यांची जोडी नाही, एक्का-नव्वी आहे आणि बाकीच्या तिन्ही नव्व्या बोर्डवर (टेबलवरच्या उघड्या पानांत) आल्यात. क्वाड्स तर तेच, पण हातातली नव्वी बोर्डवरच्या तीन नव्व्यांना जुळली आणि एक्का फक्त किकर (उरलेलं पाचवं पान) म्हणून बसला. बऱ्याच ठिकाणी क्वाड्ससाठी हातात जोडीच हवी असा स्पष्ट नियम असतो, तिथे हा डाव बाद. समोरच्याने टर्नलाच फोल्ड केलं असतं (पानं टाकून दिली असती) तरी काही मिळालं नसतं, कारण शोडाऊन लागतो. याशिवाय टेबलवर कमीत कमी किती लोकांना पानं वाटलेली हवीत, पॉट (डावात जमलेला पैसा) किती मोठा हवा, सिट-आऊट असलेल्याला (जागा धरून न खेळणाऱ्याला) टेबल शेअर (टेबलवरच्या बाकीच्यांचा वाटा) मिळतो का, नेट गेलं तर काय, हे सगळं नियमांत असतं. हे वाचल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका, कारण क्वाड्सची अट अठ्ठीवरून दश्शीवर गेली की जॅकपॉट लागण्याची शक्यता बरीच खाली येते आणि पुढचे सगळे आकडे बदलतात.

यातून एक कामाची गोष्ट निघते. अट अठ्ठीची असेल तर सत्तीपासून खालची कुठलीही जोडी जॅकपॉटसाठी निरुपयोगी आहे. पंजीचे क्वाड्स हरले तर पात्र नाहीत, आणि अठ्ठीच्या क्वाड्सना ते हरवूही शकत नाहीत. तरी लोक जॅकपॉट टेबलवर तिर्रीची जोडी घेऊन 'लागला तर लागला' म्हणत मोठ्या रेझला (वाढवलेल्या पैजेला) कॉल करत, म्हणजे तितकेच पैसे टाकत राहतात.

पायरी २: ड्रॉप तुमच्या स्टेकमध्ये मोजा

साध्या रेकशिवाय (साइटचं नेहमीचं कमिशन) जॅकपॉटसाठी जो जादा पैसा पॉटमधून जातो तो ड्रॉप. उदाहरणाला पॉटमागे ५० सेंट धरू. ऐकायला किरकोळ वाटतं, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. हा ड्रॉप स्टेकनुसार बदलत नसेल तर छोट्या टेबलला तो फार महाग पडतो.

दहा जणांच्या टेबलवर १०० डाव झाले, त्यातल्या ६० मध्ये ड्रॉप कापला गेला (प्री-फ्लॉपलाच, म्हणजे फ्लॉप यायच्या आधीच संपलेल्या डावात सहसा कापत नाहीत), तर सरासरी खेळाडू त्यातले ६ पॉट जिंकतो. म्हणजे १०० डावांमागे त्याचे ३ डॉलर गेले. ५-१० डॉलरच्या टेबलवर हे ०.३ बिग ब्लाइंड (पानं बघायच्या आधी सक्तीने टाकायची मोठी रक्कम, इथे १० डॉलर), काही वाटणार नाही. १-२ वर दीड बिग ब्लाइंड. ५० सेंट-१ डॉलरवर ३ बिग ब्लाइंड. १०-२५ सेंटच्या टेबलवर तब्बल १२ बिग ब्लाइंड. आता कोणत्याही चांगल्या रेग्युलर खेळाडूला विचारा, १०० डावांमागे ३ ते ५ बिग ब्लाइंड सातत्याने कमावणं म्हणजे उत्तम खेळ समजतात. माझा भाऊ ५० सेंट-१ डॉलर खेळतो. म्हणजे तो चांगला खेळला तरी त्याची बहुतेक कमाई ड्रॉपमध्येच जाणार, आणि खरं सांगायचं तर हे ऐकल्यावरच तो पहिल्यांदा गप्प झाला.

तुमच्या ट्रॅकरमधून (डावांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) किंवा हँड हिस्ट्रीतून स्वतःचा आकडा काढा. १०० डावांत ड्रॉप कापलेले किती पॉट तुम्ही जिंकता, गुणिले ड्रॉप, भागिले बिग ब्लाइंड. टाइट, म्हणजे निवडक पानंच खेळणारा कमी पॉट जिंकतो म्हणून कमी भरतो, पण राजांची जोडी त्यालाही इतरांइतकीच येते आणि टेबल शेअरही सगळ्यांना सारखाच. म्हणजे जॅकपॉटचा खर्च सगळ्यात जास्त लूज, म्हणजे बरीच पानं खेळणारा खेळाडू उचलतो. आणि हो, ड्रॉप रेकबॅकमध्ये (रेकचा साइट परत देते तो भाग) धरतात का हेही बघून घ्या, कारण नसेल धरत तर त्यातलं काहीच परत येत नाही.

पायरी ३: वाटप कसं होतं

जॅकपॉट फुटला की सगळा पैसा टेबलवर येत नाही. मी हिशोबाला हे वाटप धरतो: हरणाऱ्याला ३५ टक्के, जिंकणाऱ्याला १७.५, टेबलवरच्या बाकी सगळ्यांत मिळून १७.५, पुढच्या जॅकपॉटची सुरुवात म्हणून २० टक्के मागे ठेवले, आणि १० टक्के साइटचा खर्च. म्हणजे टेबलला मिळतात ७० टक्के. तुमच्या साइटचे आकडे वेगळे असतील तर ते घाला, पण 'टेबलला एकूण किती टक्के' हा एकच आकडा पुढे लागणार आहे. भिशीत सगळ्यांची पाळी येतेच आणि भरलेलं सगळं परत मिळतं, इथे पाळीची खात्री नाही आणि त्यातून १० टक्के बाहेरही जातात.

पायरी ४: ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा) आकडा काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं, नीट बघा.

किती डावांत एकदा लागतो ते आधी हवं. साइट मागच्या जॅकपॉटची यादी देत असेल तर त्यावरून काढा. फुटतानाची रक्कम वजा सुरुवातीची रक्कम, भागिले ड्रॉप, की मधे किती पॉट झाले ते आलं. ड्रॉपचे पॉट साधारण ६० टक्के असतील तर त्याला ०.६ ने भागा म्हणजे डाव मिळाले. दोन-तीन जॅकपॉटवर विसंबू नका, जितके जास्त मिळतील तितके घेऊन सरासरी काढा. मी उदाहरणाला दहा जणांच्या टेबलवर २ लाख डावांत एकदा असं धरतो.

प्रत्येक डावाला तुमचा खर्च ३ सेंट (१०० डावांना ३ डॉलर). प्रत्येक डावाला तुमचा अपेक्षित परतावा म्हणजे जॅकपॉट गुणिले ०.७, भागिले १० जण, भागिले २ लाख. दोन्ही सारखे व्हायला जॅकपॉट हवा साधारण ८६ हजार डॉलर. त्याखाली तुम्ही दर डावाला तोट्यात, त्यावर फायद्यात.

आता याच नियमांनी जॅकपॉट फुटताना सरासरी किती असतो बघा. २ लाख डाव म्हणजे १ लाख २० हजार पॉट, गुणिले ५० सेंट म्हणजे ६० हजार डॉलर जमा झाले, त्यात मागचे राखलेले १५ हजार, एकूण ७५ हजार. म्हणजे सरासरी जॅकपॉटच ब्रेक-इव्हनच्या खाली आहे, आणि असायलाच हवा, नाहीतर साइटचे १० टक्के कुठून येणार? फुटल्यानंतर लगेच आकडा १५ हजारांवर असतो तेव्हा तुम्ही ३ सेंट देऊन जेमतेम अर्ध्या सेंटची शक्यता विकत घेता. किंमत तीच, माल सहापटीने कमी. भावाचा ८० हजारांचा आकडा डोळ्यांत भरणारा होता पण ब्रेक-इव्हनच्या रेषेच्या खालीच होता.

पायरी ५: सहाचं टेबल की दहाचं?

याकडे फार कमी लोक लक्ष देतात. बॅड बीटला दोन खेळाडू आमनेसामने लागतात. दहा जणांत अशा जोड्या होतात ४५, सहा जणांत फक्त १५. म्हणजे सिक्स-मॅक्सवर (सहाच्या टेबलवर) जॅकपॉट लागण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश, पण वाटून घेणारे मात्र दहाचे सहाच झाले. (सिक्स-मॅक्सला लोक जास्त पानं खेळतात त्यामुळे थोडी भरपाई होते, पण पुरेशी नाही.) वर तिथे प्रत्येकजण जास्त पॉट जिंकतो म्हणजे ड्रॉपही जास्त भरतो, १०० डावांना ३ नाही तर ५ डॉलर. ६ लाख डावांत एकदा धरून तोच हिशोब केला तर ब्रेक-इव्हन जातो २ लाख ५७ हजार डॉलरवर. तिप्पट! एकच जॅकपॉट फंड दोन्ही प्रकारच्या टेबलांना चालत असेल तर सिक्स-मॅक्सवाले फुल रिंगवाल्यांचं (दहाच्या टेबलवाल्यांचं) बक्षीस भरतायत असं सरळ समजा. जॅकपॉटसाठी बसायचंच असेल तर भरलेलं मोठं टेबल निवडा, आणि लोक उठायला लागले की तुम्हीही उठा.

पायरी ६: टॅक्स

ब्रिटनमध्ये खेळाडूला जिंकलेल्या पैशावर टॅक्स नाही, त्यामुळे भावाला हा प्रश्नच नव्हता. भारतात राहणाऱ्याला मात्र पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या पैशावर सपाट ३० टक्के आणि वर सेस लागतो, आणि त्यातून खर्च वजा होत नाही, म्हणजे वर्षभर भरलेला ड्रॉप दाखवून सूट मिळत नाही. सेस सोडला तरी ८६ हजारांची रेषा जाते १ लाख २२ हजारांवर. गोव्यात किंवा परदेशी रूममध्ये बसणाऱ्या मुंबईकराने हीच रेषा धरावी. मुंबईतून परदेशी साइटवर पैसे पाठवून खेळण्याचा विचार तर सोडूनच द्या.

पायरी ७: किती वर्षं थांबावं लागेल

सरासरी एक गोष्ट सांगते आणि तुमचं आयुष्य दुसरी. २ लाख डावांत एकदा जॅकपॉट, आणि त्यात हरणारे तुम्हीच असण्याची शक्यता दहात एक. म्हणजे ३५ टक्क्यांचा मोठा हिस्सा तुम्हाला २० लाख डावांत एकदा. दोन टेबलं उघडी ठेवून तासाला १२० डाव, रोज २ तास, एकही सुट्टी नाही, तर जवळपास २३ वर्षं. त्या काळात तुम्ही ड्रॉपमध्ये भरलेले असतात ६० हजार डॉलर. आणि २० लाख डाव खेळूनही १०० पैकी साधारण ३७ जणांना तो मोठा हिस्सा एकदाही मिळत नाही. हे पैसे घराच्या हिशोबात धरू नका, डाउन पेमेंट तर सोडाच. कोणी उधारी किंवा लोन अ‍ॅपवर पैसे उचलून जॅकपॉटच्या मागे लागलं असेल तर त्याला आधी टेबलवरून उठवा, घरच्यांशी बोला, आणि सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे, तिथे फोन करायला लाज वाटून घेऊ नका.

पायरी ८: समोर कोण बसलंय

जॅकपॉट टेबलच्या बाजूने एकच दमदार मुद्दा आहे आणि तो जॅकपॉटचा नाहीच. त्या मोठ्या आकड्यामुळे हौशी लोक तिथे येतात, बरीच पानं खेळतात, शेवटपर्यंत कॉल करतात. हा फायदा ड्रॉपपेक्षा मोठा असेल तर आकडा रेषेखाली असतानाही बसायला हरकत नाही. पण 'तिथे गर्दी सोपी असते' असं नुसतं ऐकून नको. लॉबीत (साइटच्या टेबलांच्या यादीत) फ्लॉपला किती टक्के खेळाडू जातात आणि सरासरी पॉट किती हे दोन आकडे असतात, ते त्याच स्टेकच्या साध्या टेबलांशी, त्याच वेळेला ताडून बघा. फ्लॉपचा टक्का थोडाफारच वर असेल तर ५० सेंट-१ डॉलरला ३ बिग ब्लाइंडची भरपाई होणार नाही. ५-१० ला ०.३ ची भरपाई एखाद्या वाईट खेळाडूनेही होते, म्हणून मोठ्या स्टेकला माझं उत्तर वेगळं आहे.

उलटही होतं. आकडा रेषेच्या वर गेला की हिशोब करणारे टाइट खेळाडू येऊन बसतात, वेटिंग लागतं, आणि ज्या सोप्या गर्दीसाठी तुम्ही आलात ती उरत नाही. दर वेळी नव्याने बघावं लागतं.

तीन जणांचे झटपट स्पिन टाइप गेम, जिथे सुरुवातीला चक्र फिरून बक्षीस ठरतं, ते वेगळं प्रकरण. तिथे बहुतेक वेळा दुप्पट येतं, म्हणजे तिघांनी भरलं तीन आणि बक्षीस दोनच, उरलेलं त्या दुर्मिळ मोठ्या आकड्यात आणि साइटच्या कमिशनमध्ये. तक्त्यातल्या प्रत्येक पटीला तिच्या शक्यतेने गुणून बेरीज करा, ३ पेक्षा जितकी कमी तितका तुमचा खर्च.

पायरी ९: आकडा रेषेच्या वर असेल तर खेळायचं कसं

खेळ फारसा बदलू नका. तिर्रीची जोडी अजूनही तिर्रीचीच. बदल एकाच ठिकाणी: मोठी जोडी असून क्वाड्स लागले आणि बोर्डवर स्ट्रेट फ्लशची शक्यता असेल तर समोरच्याला घालवू नका. वरच्या डावात फ्लॉपला नव्व्यांचे क्वाड्स लागल्यावर ऑल-इन मारून (सगळे पैसे लावून) बदामवाल्याला पळवलं तर शंभरेक डॉलरचा पॉट मिळेल, पण जॅकपॉट ८६ हजार असेल तर हरण्याचे ३० हजार आहेत. चेक करा (पैसे न टाकता पाळी पुढे द्या), कॉल करा, शोडाऊनपर्यंत जाऊ द्या. चॅटमध्ये मात्र जॅकपॉटबद्दल एक शब्दही नाही. 'फोल्ड करू नकोस, जॅकपॉट लागेल' असं लिहिलंत तर संगनमत म्हणून बक्षीस रद्द होऊ शकतं, आणि त्यात त्या टेबलवरच्या सगळ्यांचंच नुकसान.

रेष एका कागदावर लिहून स्क्रीनशेजारी ठेवा, फुल रिंगची वेगळी, सिक्स-मॅक्सची वेगळी. बसायच्या आधी रोज आकडा तिच्याशी ताडा. आणि जॅकपॉट फुटला, तो तुमच्या टेबलवर असो की दुसऱ्या कुठल्या, तर चालू डाव संपला की उठून साध्या टेबलवर जा, कारण पुढच्या डावापासून त्याच ५० सेंटमागे फक्त १५ हजारांचा फंड उरलेला असतो.